मथुरेची टोपली

त्र्याऐंशी साली, अंधेरीच्या इस्पितळात, शेजारच्या बाकावर वेसाव्याचं कोळी जोडपं बसलं होतं.

"मथुरे, तुझ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ हाय. पाठीत औषध टोचून काढलेल्या फोटोत दिसली. उद्या काढणार."

"म्हणजे मासळीच्या टोपलीच्या ओझ्यानं पाय बधिर नाय झाले?"

"नाय गं. डॉक्टर म्हणाले, ओझ्याचा संबंध नाय."

"आणि तुम्ही माझी टोपली जाळलीत!"

"राग आला मला तिचा."

"वीस वर्षं मिरवली डोक्यावर. वेसाव्याहून अंधेरीपर्यंत पायी."

"आधी तुझ्या बांगड्या ऐकू यायच्या, मग तू दिसायचीस."

"उद्या पायांत जीव आलाच नाय तर?"

"मी बसेन बाजारात."

"तुम्ही? बायका फुकटात पापलेट नेतील!"

"म्हणून सांगतो, चालत ये."