चित्रात रस्त्यापलीकडे गेलेल्या माझ्या दुकानाबद्दल

मी, हिराबायाशी तोकुए, वय ५८, विधवा, धंदा चहाचे दुकान, राहणार जुना तोकाइदो रस्ता, घाटाच्या पायथ्याशी, चौकीत स्वतः येऊन सांगते की,

माझे दुकान तोक्योकडून येताना उजव्या हाताला आहे. डाव्या हाताला ओइशी कामे हिचे. तिचा चहा कसा असतो हा तक्रारीचा भाग नाही, असे हवालदार नागाकुरा म्हणाले, म्हणून सांगत नाही.

आमच्या गावचे मोचिझुकी गिसाबुरो, विधुर, हे जुन्या रस्त्यावरच्या मुक्कामांची चित्रे लाकडावर कोरून छापतात. या वसंतात त्यांनी आमचे गाव काढले. मधोमध फुजी डोंगर, बाजूला माझे दुकान, दारात मी. चित्र स्टेशनावर विकतात. ते हातात धरून शहरातले लोक येतात आणि थेट कामेच्या बाकावर बसतात, कारण चित्रात माझे दुकान डावीकडे आहे. फुजीचे काय जाते, तो दोन्हीकडून सारखाच. तांदळाच्या पिठाचे माझे डांगो मात्र संध्याकाळी मलाच खावे लागतात. असेच चालले तर पानगळीपर्यंत दुकानाला फळ्या लागतील.

आज सकाळी कामे रस्त्यापलीकडून ओरडली, "तोकुए, चित्रात तरी माझ्या दारात आलीस हो!" मी तडक गिसाबुरो यांच्याकडे गेले. ते म्हणाले, कागद खळ लावून लाकडावर चिकटवताना चूक झाली. चित्राचा कागद तोंड खाली करून चिकटवायचा, तरच छाप सुलटा येतो, नाहीतर उजव्याचे डावे होते, हे त्यांच्या मांजरालाही ठाऊक आहे. मी म्हटले, "उभा जन्म लाकूड कोरण्यात गेला, आणि एवढं विसरलात?"

ते म्हणाले, "विसरलो नाही, तोकुए-सान. तुमचा चेहरा खळीत पालथा घालवेना."

यावर मी काय बोलले, हे हवालदारांनी दोनदा विचारले. मी उठून सरळ इथे आले. गिसाबुरो यांनी पुढे केलेला चहाही तसाच राहिला, याचे वाईट वाटते.

माझे म्हणणे एवढेच की, चित्र नव्याने कोरून दुकान जागेवर आणावे. त्यासाठी चेहरा पुन्हा काढावा लागेल. मी रोज दुकानात असते. या खेपेस तो खुशाल पालथा घालावा, कागदाचाच आहे. खरा चेहरा उजव्या हाताच्या दुकानात आहे, हे त्यांना पोलिसांमार्फत कळवावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. वाचताना हवालदार हसले, पण लिहिले आहे ते मी सांगितले तसेच आहे.