रशियन कवींचं स्वतःचं काय?

पीएचडीची व्हायवा ऑनलाइन, घरातूनच, म्हणून मी निर्धास्त होते गं, तिथेच फसले. इथे आखातात, अल् खुवैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दार लावून लॅपटॉपसमोर बसले. लेकीला नवऱ्याने बाहेर नेलं होतं. जर्मन रोमँटिक तत्त्वज्ञानाचा रशियन कवितेवरचा प्रभाव, या विषयात माझी सात वर्षं गेलेली. पुण्याच्या परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि विचारलं, “मॅडम, सगळं जर्मनांकडूनच आलं, तर रशियन कवींचं स्वतःचं काय?”

पाठ केलेलं काही आठवेना. खिडकीतून समोरचा उघडाबोडका डोंगर तेवढा दिसत होता. मी म्हटलं, “सर, जर्मन म्हणाले, निसर्गाला आत्मा आहे, तो माणसाशी बोलतो. काही रशियन कवींनी ते खरं मानून त्याला हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही. ते उत्तर न येणं त्यांचं स्वतःचं. मलासुद्धा ते इथे राहायला आल्यावर कळलं.”

पलीकडे सर मान खाली घालून बसलेले, मिनिटभर तरी. मला वाटलं, गेली पीएचडी.

“सर, ऐकू येतंय ना?”

“येतंय,” ते मान वर न करता म्हणाले. “लिहून घेतोय.”