पोस्टर काढणारा वयस्कर इसम

पुरवणी जबाब

माझे नाव व पत्ता कालच्या जबाबात आहे तोच. वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सहायक. आज दुपारी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन जबाब लिहून देते की, माझा कालचा जबाब एका मुद्द्यावर चुकीचा आहे.

आमच्या इमारतीच्या फाटकावरचे व गल्लीतले पोस्टर काढणारा इसम मी 'अनोळखी, वय सुमारे साठ' असा सांगितला होता. तो अनोळखी नाही आणि साठीचाही नाही. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा तेवीस वर्षांचा मुलगा आहे, ज्याला सगळी गल्ली भोपू म्हणते. पोस्टरवर फोटो आहे तो त्याचाच. माझ्या सांगण्यावरून सकाळपासून ठाण्यात बसवून ठेवलेल्या रद्दीवाल्या काकांनी काहीही केलेले नाही. त्यांना आत्ता सोडावे आणि भोपूला ठाण्यात बोलावू नये, एवढ्यासाठी हा जबाब आहे.

हे तोंडी सांगितले तेव्हा लेखनिक हवालदार म्हणाले, "बाई, काल साठ म्हणालात, आज तेवीस. उद्या पाळण्यात घालाल." त्यांचे बरोबर आहे. माझे बोलणे त्यांना सलग लागेना, म्हणून त्यांच्या परवानगीने मी हा जबाब माझ्या हाताने लिहिते आहे.

भोपू लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. आवाज लहानपणापासून मोठा, म्हणून हे नाव पडले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. गावभरच्या लिफ्ट चालू करून हा घरी तीन मजले चढून येतो, आणि खालूनच आईला हाक मारतो, अशी त्याची थट्टा चालायची. गेल्या हिवाळ्यात त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचे कळले. तेव्हापासून केमो चालू आहे. त्याला वरचेवर रक्त आणि प्लेटलेट लागतात.

दात्यांची जमवाजमव करायची, ही कल्पना माझी. इमारतीतले सचिव, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक, त्याच्या कंपनीतला मुकादम आणि मी असे आम्ही एकत्र आलो. येत्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर ठरले. लोकांनी नावे भराभर दिली. एरवी एकमेकांच्या गाड्या आडव्या लागल्या म्हणून हमरीतुमरीवर येणारी माणसे न बोलावता आली. हे मी मोठेपणा म्हणून लिहीत नाही. काम चांगले चालले होते, एवढेच.

पोस्टरवर फोटो असावा, हेही मीच म्हणाले. नुसते 'रक्तदान शिबिर' वाचून लोक पुढे जातात, चेहरा दिसला की थांबतात, असे माझे म्हणणे होते. त्याच्या बहिणीच्या मोबाईलमधून मी एक फोटो घेतला. मैदानावर सामना जिंकल्यानंतरचा, डोक्यावर केसांचे जंगल, दोन्ही हात वर. त्याच्या आईला दाखवला तेव्हा त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याला एकदा विचारा, ताई." मी म्हणाले, "त्याला कशाला त्रास, वहिनी? आम्ही आहोत ना." त्यांनी फोटो मला परत दिला. माझ्या 'आम्ही आहोत ना'पुढे त्यांना काही बोलता आले नसावे. तेव्हा मला ते होकारासारखे वाटले.

दोन महिन्यांपासून मी रोज कुणाशी ना कुणाशी भोपूविषयी बोलत होते. त्याला मात्र दोन महिन्यांत पाहिले नव्हते. डॉक्टरांनी माणसांची ये-जा कमी ठेवायला सांगितली होती, त्यामुळे मी डबा दाराबाहेर ठेवून येत असे. कारण खरे होते. सोयीचेही होते.

काल मी शिबिराच्या कामासाठी रजा घेतली होती. दुपारी गल्ली सामसूम असताना मी गॅलरीत उभी राहून फोनवर बोलत होते. खाली एक माणूस फाटकावरचा पोस्टर काढताना दिसला. अंगावर ढगळ शर्ट, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, पाठीत वाकलेला. फाडत नव्हता. कोपरे नखाने सोडवून, घडी घालून पिशवीत ठेवत होता. कालच्या जबाबात 'मी त्यास हटकले' एवढेच लिहिले आहे. मी जे बोलले ते असे: "ओ आजोबा, ठेवा ते. लाज नाही वाटत? एक तरुण पोरगं मरणाशी झुंजतंय आणि तुम्ही त्याचे कागद विकायला निघालात?" त्याने वर पाहिले. चांगला वेळ पाहिले. मग हात हलवून, राहू द्या असे केल्यासारखे, तो पुढच्या खांबाकडे गेला. मी फोन संपवून जिना उतरेपर्यंत गल्लीतला एकही पोस्टर जागेवर नव्हता आणि तोही नव्हता.

संध्याकाळी सचिव म्हणाले की कुणाच्या तरी पोटात दुखते आहे, हे वेळीच ठेचले पाहिजे. औषधाच्या दुकानाचे मालक म्हणाले, पोस्टर पुन्हा छापू, सोडून द्या. मी सचिवांच्या बाजूने बोलले आणि तक्रार माझ्या नावाने झाली.

आज सकाळी मला ठाण्यात बोलावले. पोस्टर रद्दीवाल्यांच्या हातगाडीत मिळाले होते. ते साठीचे आहेत, बारीक आहेत, वाकून चालतात. कुणीतरी आणून दिले, मी घेतले, एवढेच ते सांगत होते. मला विचारले, हाच का? मी 'असू शकेल' म्हणाले. प्रयोगशाळेत मी असे कधी लिहीत नाही. नमुना चांगला असतो किंवा नसतो, आणि समजत नसेल तर पुन्हा मागवायचा. इथे मी 'असू शकेल' म्हणाले आणि कामावर उशीर होतो म्हणून निघून गेले.

दुपारी त्याच्या आईचा कामावर फोन आला. रद्दीवाल्यांना नेल्याचे भोपूला कळले होते. त्याने बूट घातले होते आणि ठाण्यात जातो म्हणून तो जिना उतरत होता. पांढऱ्या पेशी अगदी कमी आहेत, गर्दीत नेऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. "माझं ऐकत नाही, ताई. तुम्ही या."

मी गेले तेव्हा तो आमच्या मजल्याच्या वर, जिन्याच्या वळणावर बसला होता. एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची सुटी. दम खात होता. डोक्यावर कालची टोपी होती. मला तेव्हा समजले. त्याने सांगण्याची गरज पडली नाही.

तो म्हणाला, "मावशी, तुम्ही मला आजोबा म्हणालात."

मी म्हणाले, लांबून नीट दिसले नाही.

"दोन मजल्यांवरून? तुम्ही तर पाण्यातला किडा ओळखता."

तोंडात फोड आल्यामुळे त्याचा आवाज इतका बारीक झाला आहे की मला दोन पायऱ्या वर चढून ऐकावे लागले. आणखी जवळ जाऊ लागले तेव्हा त्याने हाताने थांबवले.

मी विचारले, तेव्हाच का नाही सांगितलेस. तो म्हणाला, "मास्क काढणारच होतो. म्हटलं, आता ओळखतील, आता हसतील. तर तुम्ही म्हणालात, पोरगं मरणाशी झुंजतंय. मग नाही काढला."

पोस्टर का काढले, हे ठाण्याच्या साहेबांना हवे आहे म्हणून तेही लिहिते. दवाखान्यात जाताना त्याची रिक्षा त्या खांबांवरूनच जाते. परवा रिक्षावाल्याने पोस्टर दाखवून त्याला विचारले, या पोराला ओळखता का? भोपू म्हणाला, तोंडओळख आहे. रिक्षावाला म्हणाला, "केवढा हसतोय बघा. आहे की गेला?"

एवढे सांगून भोपू स्वतःच थोडा हसला. मी हसले नाही, आणि मला वाटते त्याला मी हसायला हवे होते.

मग तो म्हणाला, "तुम्ही सगळे त्या फोटोतल्या पोरासाठी एवढं करताय. चांगलंच करताय. पण तो बरा होऊन परत येईल असं तुम्हाला वाटतंय ना, तो नाही येणार. आलो तर मी येईन."

मी शिबिर रद्द करू का, असे विचारले. त्यावर तो चिडला. "रद्द कशाला? रक्त लागतंय की. मलाही लागतंय, वॉर्डातल्या बाकीच्यांनाही. वेळ लिहा, जागा लिहा. फोटो नको." मी म्हणाले, आजचा एखादा लावू का? हा प्रश्न मी का विचारला, मला माहीत नाही. तो म्हणाला, "मावशी, जरा थांबा की." आणि मी थांबले.

तो ठाण्यात यायला निघाला होता ते स्वतःसाठी नाही. पिशवी रिकामी करायची म्हणून त्यानेच कागद हातगाडीत टाकले होते आणि त्या माणसाला काही सांगितले नव्हते, याचे त्याला वाईट वाटत होते. मी जाते, असे मी म्हणाले. त्याने विचारले, नक्की सांगाल ना, सगळे? मी हो म्हणाले. तेव्हा तो आईच्या हाताला धरून वर गेला.

ठाण्यात शिरताना रद्दीवाले बाकावर होते. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ते ठीक आहे, ताई. जाऊ का मी?" ते माझ्या हातात नाही, असे मी म्हणाले. सकाळी ते माझ्याच हातात होते.

साहेबांचे म्हणणे पडले की आधीचा जबाब पाहता माझ्या नुसत्या शब्दावर कुणाला सोडता येणार नाही. पोस्टर काढणाऱ्याने समोर यावे. मी त्याच्या आईने दिलेला डॉक्टरांचा कागद दाखवला. त्यावर असे ठरले की हवालदार घरी जातील, दाराबाहेर उभे राहून त्याला पाहतील, दोन शब्द विचारतील आणि लगेच फोन करतील; फोन आला की रद्दीवाल्यांना सोडले जाईल. त्यासाठी साहेबांनी माझ्याकडे त्या इसमाचे वर्णन मागितले. सोबत फोटो असल्यास द्यावा, असेही म्हणाले. फोटो माझ्याकडे आहे, पण तो उपयोगाचा नाही.

तो वर जाण्याआधी मी भोपूला म्हणाले होते की मला एकदा तुला नीट बघू दे. त्याने मला होते तिथेच उभे राहायला सांगून मास्क आणि टोपी काढली. त्यावरून वर्णन देते.

उंची साडेपाच फुटांच्या वर, पण वाकल्यामुळे कमी वाटते. बांधा कृश. रंग पूर्वी सावळा, आता राखाडीकडे झुकलेला. डोक्यावर केस नाहीत. भुवया नाहीत, त्यामुळे कपाळ कुठे संपते ते लगेच कळत नाही आणि चेहरा सतत काहीतरी विचारतो आहे असे वाटते. ओठांच्या कडा सोललेल्या. डाव्या कानाच्या पाळीवर जुना कापल्याचा व्रण; तो कधीपासून आहे मला ठाऊक नाही, मी आज पहिल्यांदा पाहिला. मानेखाली उजवीकडे औषधाच्या नळीची पट्टी. हाताची बोटे मात्र कामगाराची, जाड, नखांच्या कडेला अजून काळे वंगण. डोळे तरुण आहेत. वय तेवीसच दिसते, समोर उभे राहिले तर.

दार उघडायला त्याला वेळ लागेल. हवालदारांनी पुन्हा पुन्हा बेल वाजवू नये.

इथपर्यंत लिहिलेला हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वर्णनापाशी थांबून त्यांनी विचारले की एवढे सगळे ठेवायचे का. मी ठेवा म्हणाले. कालचा जबाबही असाच वाचून दाखवला होता आणि माझ्या सांगण्याबरहुकूम बरोबर होता. हा तर माझ्याच हाताने लिहिलेला आहे. खरा आहे का, ते हवालदारांनी त्याच्या दारात उभे राहून बघावे, आणि त्यानंतरच माझी सही धरावी.