आगीची भिंत

लेक : हा शब्द तुम्हाला कुठे भेटला, अप्पा? हा तर आमच्या धंद्यातला.

अप्पा : गोदामाच्या आगीच्या चौकशीच्या कागदात आहे. उद्या मला जबानीला बोलावलंय. तू दिवसभर कॉम्प्युटरशी डोकं लावतेस, म्हटलं तुला ठाऊक असेल.

लेक : फायरवॉल. इंटरनेटवरून नको ते आत यायला लागलं की अडवायचं. पण आगीत त्याचं काय काम?

अप्पा : तेच म्हणतो मी. मी आपला गवंडी माणूस.

लेक : थांबा, शोधते... अहो, शब्द आमचा नाहीच. तुमचाच आहे. फायर म्हणजे आग, वॉल म्हणजे भिंत. इकडची आग तिकडे जाऊ नये म्हणून मधे बांधलेली जाड भिंत. पुढे मोटारीत इंजिनाच्या आडच्या पत्र्याला तेच नाव पडलं, आणि मग कॉम्प्युटरवाल्यांनी उचललं. अप्पा, काय झालं?

अप्पा : खिडकी नसते त्या भिंतीला?

लेक : नसते. पार छपरापर्यंत नेतात.

अप्पा : दीड विटेची होती. छिन्नी दाद देत नव्हती. मी म्हटलंसुद्धा, कुणा शहाण्यानं एवढी जाड बांधली.

लेक : तुम्ही फोडलीत?

अप्पा : मालक म्हणाले, हातगाडीला वळसा पडतो, मधून वाट काढ. काढली. दाराचं नंतर बघू म्हणाले.

लेक : म्हणजे कापसाची आग पलीकडे कामावरच्या बायकांच्या खोलीत...

अप्पा : तिथूनच शिरली. पाचजणी गेल्या. त्यांत तुझी आत्या.

लेक : तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, ती भिंत कशासाठी आहे?

अप्पा : मी विचारलं होतं का?

लेक : अप्पा, पुढचं पान वाचलंत? मालकांनी लिहून दिलंय, ती वाट पहिल्यापासूनच होती. भिंत फोडणारा म्हणून तुमचं नाव कुठेच नाही. तुम्ही गप्प बसलात तर कुणाला कळणारही नाही.

अप्पा : वाट पहिल्यापासून होती म्हटल्यावर मालक सुटले?

लेक : जवळजवळ.

अप्पा : कागद घे. मी सांगतो तसं लिही, उद्या जीभ अडखळेल माझी.

लेक : तुम्हालाही आत टाकतील, अप्पा.

अप्पा : टाकू देत. लिही. भिंत मालकांच्या सांगण्यावरून मी फोडली. चौथ्या दिवशी दुपारी वाट मोकळी झाली.

लेक : हं. पुढे?

अप्पा : पहिली माझी बहीण गेली तिथून. पाणी प्यायला.