साडेपाचचा फुगा

बसा गा, बसा. माह्यासाठी उठू नका. तुम्ही उठले तर मलेही ताठ उभं राहा लागन, अन् पायात जोर नाही आता. तेरा दिवस मानसं येऊन राह्यले, मी तेच तेच सांगून राह्यली. थकली बावा. आज एक खेप बोलते, मंग मले बोलाले नका लावू.

आत्ता यायच्या फोटोले हार घालून यायच्या कचेरीतले साहेब म्हणले, "त्यांनी कधी कोणाचं मन दुखावलं नाही." साहेब, तुम्ही यायच्या भाचीच्या लग्नात नव्हते! गोरज मुहूर्त. फोटोचं काम यायच्याकडं. नवरीनं हार उचलला, अन् तिकडं विमानतळाकडून हवामान खात्याचा फुगा सुटला. झालं! बारातले सात फोटो फुग्याचे. भाची विचारे, "मामा, माह्या सासरचे कोन्या फुग्यात बसले?"

पांढरा फुगा, खाली डबी बांधलेली, वरची हवा मोजाले. रोज सांजच्याले साडेपाचले जाते. तुम्ही कधी वर पाह्यलं? हे रोज गच्चीवर. "अवं, आला, पाह!" मी म्हणो, "कालचाच आहे. आज काय नवं धोतर नेसून आला?" हे वहीत लिहत. वार, वेळ, कोन्या बाजूनं गेला. नियम एकच. डोळ्यानं पाह्यलं नाही ते लिहाचं नाही. ढग असले तर ओळ कोरी.

फोटोही काढत, पन फोटोत नुसता एक ठिपका. एक खेप रोल धुवाले देला, तर बर्डीवरच्या फोटोवाल्यानं चांगुलपणा केला. म्हणे, "काका, फोटोवर डाग होते, ब्रश मारून साफ केले." बाराही फोटोत कोरं आभाळ! हे दोन दिवस नीट जेवले नाही. मी त्यातला एक देवाजवळ ठेवला. म्हणलं, फुगा गेला तर गेला, देव तरी दिसन.

हसा, हसा. मीही जन्मभर हसलीच.

पण एक गोष्ट कोनाले सांगतली नाही. धंतोलीच्या दवाखान्यातून यायले घरी आणलं. डॉक्टरनं बजावलं, जिना चढू द्याचा नाही. तिसऱ्या दिवशी पाच वाजले अन् हे उठून बसले. "अवं, चप्पल दे."

मी थकली होती. समजावाची ताकद नव्हती. म्हणलं, "आज लवकर गेला तुमचा फुगा. वाळवण काढाले गेली तवा मी पाह्यला."

"तू पाह्यला?"

"हो ना."

"कोन्या बाजूनं गेला?"

"उमरेडकडं." माहं माहेर. दुसरं काय येईन तोंडात?

हे हसले. पडून राह्यले. सकाळी उठलेच नाही.

परवा वही उघडली. शेवटची ओळ: 'आज फुगा लवकर गेला. उमरेडकडे. मी पाहिला नाही. हिने पाहिला.'

अठरा वर्षाच्या वहीत एकच ओळ खोटी, अन् ते माही.

अन् ऐका. मले दोन वर्षापासून मोतीबिंदू आहे. दाळीतले खडे हेच वेचत. मले आभाळातला ठिपका दिसला, हे यायनं मानलं कसं? मानलं, का थकल्या बायकोले सोडून देलं? आता कोनाले विचारू? ओळ खोडाले गेली. हात चालला नाही. अक्षर त्यायचं आहे.

म्हणून एक मागते. सव्वापाच झाले. दोन मिनटं शांत उभं राहाचं ते इथं नको, बाहेर आंगणात चला. माना खाली घालू नका. वर करा. ज्याले दिसन त्यानं बोलू नका, नुसता माहा हात धरून त्या बाजूले वळवा. त्या ओळीखाली मी आज खरी ओळ लिहीन. फुगा दिसेनासा होईपर्यंत कोनी हलू नका.

चला. माही चप्पल द्या कोनीतरी.