माय, इथी वाघ नाई

...आन वरून मलेच म्हनते, "तुमच्यानं एक दिवस धड नाई होत!" बोला आता! पार्क मी बांधलं का? बुढीले मी शिकवलं का? पन बायको आहे, बोलली, ऐकून घेतलं. म्या काई म्हनलं नाई. तुमाले सांगतो, लय शांत मानूस आहो मी... नागभीडात कोनालेई विचारा, कुलदीप कसा मानूस आहे? म्हनतीन, आहे का नाई समजत नाई, एवढा शांत!

तं झालं असं का... चंद्रपूरच्या रस्त्यावर ते पार्क आहे ना, पान्याच्या घसरगुंड्यायचं? आमची खुशबू, तिसरीत आहे पोट्टी, तिनं वर्षभर माहं डोकं खाल्लं. मांगच्या साली गेलो होतो, तं हिले मोठ्या झुल्यात घेतलंच नाई. काऊन? तं उंची नाई भरत म्हने! झुल्याजवळ एक लाकडाचं अस्वल उभं आहे, त्याच्या कानाले डोकं लागलं तंच बसाले भेटते. हिचं डोकं कानाच्या खाली. झालं! तवापासून रोज झोपाच्या आंधी दाराच्या चौकटीले पाठ लावून उभी... "बाबा, पाहा ना, वाढली का?" आता पोट्टी आहे का वांग्याचं झाड आहे, रोज पाहाले? पन पाह्यलं. रोज पाह्यलं, रोज म्हनलो, हाव, वाढली.

मंग यंदा मे महिन्यात निघालो. आमच्या मोहल्ल्यातल्या नवाबभाऊची गाडी केली. मी, माही बायको रिना, खुशबू, आन... आमची माय. मनकर्णाबाई. रिना म्हने, "मायले काऊन? तिथी त्यायच्या कामाचं काय आहे?" माय म्हने, "पोट्टी जिथी, तिथी मी." म्या काई म्हनलं नाई. दोघी एकाच घरात राह्यतात, मले बी तिथीच राहा लागते.

आता मायचं तुमाले सांगा लागते, नाई तं पुढचं समजनार नाई. माय जल्मभर जंगलात तेंदूपत्ता तोडाले गेलेली. आन आमच्या इकडचं जंगल म्हंजे वाघाचं घर, आपन पाहुने. म्हनून जंगलात शिरल्यावर दोन आवाज राह्यतात. पह्यला, "होऽऽऽ!" म्हंजे कुठी आहेस? एकानं देला का साऱ्यायनं आपापल्या जागेवरून "होऽऽऽ" म्हनाचं, आन काम करत राहाचं. आन दुसरा... दुसरा म्हंजे "चाऽऽला होऽऽ घराऽऽले!" तो कोनी उगाच देत नाई. तो आला का हातातलं हातात, भुईवरचं भुईवर, गठ्ठा सोडाचा, मांगं पाहाचं नाई, सरळ रस्त्याले लागाचं. काऊन म्हनून विचाराचं नाई. आन वाघ नसला तरी आवाज देनाराले कोनी बोलाचं नाई! काऊनका एकडाव बोल लावला, तं पुढच्या येळी तो तोंड उघडाच्या आंधी इचार करन. तेवढ्या इचारात मानूस जाते ना, भाऊ!

तं आमी पार्कात शिरलो. बाप्पा, काय गर्दी! तेंदूपत्ता नुकताच संपलेला, धानाचे पऱ्हे टाकाले अजून टाईम... सारी झाडीपट्टी तिथीच येऊन पडलेली! सिंदेवाही म्हनू नका, मूल म्हनू नका, वडसा, आरमोरी... ज्याच्या त्याच्या आंगावर भाड्याची जांभळी चड्डी, कोन तलाठी, कोन मजूर, कोन सरपंच, काईच समजत नाई! आन एवढ्यात आमची बुढी मधात उभी राहून... "होऽऽऽ!"

म्या म्हनलं, "माय! इथी वाघ नाई!"

"मी कुठी म्हनलं आहे? तू जवाब दे."

"अवं, मी तुया बाजूले उभा आहो!"

"मंग जवाब द्याले काय जाते?"

घसरगुंडीजवळ गेलो, "होऽऽऽ!" पाव घ्याले गेलो, "होऽऽऽ!" मी संडासात, भिंतीच्या पल्याडून "होऽऽऽ!" आन आतल्या आत मले बी "होऽऽ" म्हना लागलं... बाजूच्या खोलीतूनबी कोन तरी "होऽऽ" म्हनलं, तो वडस्याचा निघाला! लोकं पाहून राह्यले, रिनाचं तोंड लाल. ती चंद्रपूरची, शहरातली, तिले काय माहीत? मले म्हने, "तुमच्या मायले सांगा, नाई तं मी गाडीत जाऊन बसतो." शेवटी म्या मायचे हात धरले. म्हनलं, माय, तुले हात जोडतो, इथी आवाज नको देऊ. इथी वाघ नाई, गेटवर शिपाई आहेत, माईक आहे, सारी सोय आहे. मायनं माह्याकडं पाह्यलं, पदर डोक्यावर घेतला, आन सिमेंटच्या डायनासोरच्या पायाजवळ चुप बसली. पुरी चुप. मले वाटलं, चला, जमलं बा एकडाव.

मंग काय झालं... रिना म्हने मले वाटलं तुमच्यासंगं आहे, मी म्हनलो मले वाटलं तुयासंगं आहे... आन खुशबू कोनासंगंच नाई!

चारई बाजूले पानी, पान्यात पोट्टे, सारेच ओले, सारेच सारखे, हरेक पोट्टी पाठीकडून खुशबू! इकडून तिकडं धावलो, एका दुसऱ्याच पोट्टीचा हात धरला तं तिच्या मावशीनं मले असं झाडलं... म्या काई म्हनलं नाई. माईकवाल्याकडं गेलो. तो आपला गोड आवाजात, "खुशबू नाम की बच्ची जहाँ कहीं हो, पूछताछ केंद्र पर आ जाए..." आन मांगं डीजे, धडाड् धडाड्! आल्या ना खुशबू! एक सिंदेवाहीची आली, एक मूलची आली, एक तं बाई आली, दोन लेकरायची माय, म्हने, "मीच खुशबू, काय झालं?" आमची नाई आली. त्या खोल पान्याकडं पाहाची हिंमत नव्हती माही. रिना खाली बसून रडाले लागली. ते पाहून मले कसं झालं म्हनून सांगू... भांडते, बोलते, पन ती रडली का मानूस उभा नाई राहू शकत.

मंग गेलो डायनासोरच्या पायाजवळ. ज्या तोंडानं मायले चुप केलं, त्याच तोंडानं म्हनलो, "माय... आवाज दे."

माय उठली. डायनासोरच्या पायावर चढली, तिथून शेपटीवर, दोनी हात तोंडाले लावले... मले वाटलं आता "होऽऽ" म्हनन. नाई!

"चाऽऽऽला होऽऽऽ घराऽऽऽले!"

अवं बाप्पा!! डीजेच्या वरून गेला तो आवाज! आन तुमाले सांगतो, सारं पार्क घडीभर थांबलं. मंग पान्यातून उठले ना लोकं! घसरगुंडीवर अर्ध्यात असलेले बुढे कडेले धरून उभे झाले. हातातल्या भुट्ट्यावर नुकतं निंबू लावलेलं, भुट्टा तसाच सोडला. बायायनं पोट्टे काखेत मारले. कोनी धक्का नाई, कोनी बोंब नाई, कोनी विचारत नाई, मांगं पाहत नाई... गुमान रांगंनं, सारे जांभळ्या चड्डीवाले, गेटाकडं! शिपाई म्हने, "अरे काय झालं? आग लागली का? थांबा ना!" कोन थांबते? बाहेर निघनाराच्या मनगटावरचा तिकिटाचा पट्टा कापाचा असते, तं तो बिचारा कापते, कापते, कैची गरम झाली त्याची. आन पट्टा कापला का परत अंदर नाई!

गेटाबाहेर नवाबभाऊ गाडीत झोपले होते. खडबडून उठले. "कुलदीपभाऊ! हे मोर्चा कायका आहे? पार्कवाला भगाया क्या सबको?"

आन त्या गर्दीत... माही खुशबू! कोन्या बाईचा हात धरून, ओल्या केसायनं, रडत रडत. धावत जाऊन असं उचललं का... खोटं नाई बोलत, मी बी रडलो. सारे पाहत होते, रडलो. म्हनलं, कुठी होती वं?

"झुल्यात! बाबा, अस्वलाच्या कानाच्या वर गेली मी! रांगेत किती वेळ होती, बसली, पट्टा लावला... आन आजीनं आवाज देला!"

"आन माईकवाला नाव घेऊन राह्यला होता, तवा?"

"तो का आपला आहे? मी काऊन जाऊ?"

पट्टा सोडून, झुला सुरू व्हाच्या आंधी, उतरून आली पोट्टी. वर्षभर ज्याच्यासाठी चौकटीले टेकली, तो झुला सोडून. अंदर जाऊ द्या म्हनून म्या शिपायाचे पाय धराचेच बाकी ठेवले. तो म्हने, नियम आहे. त्याच्या हातातल्या कैचीकडं पाह्यलं, म्या काई म्हनलं नाई.

तिकडं झाडाखाली लोकं जमले. माह्याजवळ येऊन हळूच विचारून राह्यले, "कुठी दिसला?" काय सांगू? तवापर्यंत आरमोरीच्या एका भाऊनं शेपटीबी पाह्यली होती! मंग समजलं साऱ्यायले, पोट्टी हरवली होती म्हनून. रागावले का? एक मानूस नाई! म्हने, "भेटली ना? झालं मंग." गाडीतले डबे निघाले, कोनाच्या तिखट पुऱ्या, कोनाची आंबाडीची भाजी, आन मधात आमची बुढी, सारे तिलेच वाढून राह्यले. रिना एकटी फुगून बसली. मायले तं काई म्हनता येत नाई, मंग उरलो कोन? मी!

घरी आलो. खुशबू चौकटीले न टेकताच झोपली. मले राहवलं नाई. मायजवळ जाऊन बसलो, एकदम हळू म्हनलो, "माय, बोल नाई लावत तुले... पन पह्यला आवाज देला असता तं? पोट्टीचा झुलाबी झाला असता, लोकायचा दिवसबी राह्यला असता."

माय सुपारी कातरत होती. वरबी नाई पाह्यलं.

"पह्यला देला असता, तं ती बी तिथूनच 'होऽऽ' म्हनली असती आन बसून राह्यली असती. तुले चाळीस वर्सं झाले तोच देऊन राह्यली... हाललास का कधी जागचा?"

बोला. आता यावर मानसानं काय म्हनावं?