दर शतकातला डावखुरा

वसंत : ...आणि हा इथेही डावखुराच!

कालिंदी : कोण हो?

वसंत : तुझ्या कादंबरीतला चित्रकार. निजामशाहीत डावखुरा, पेशवाईत डावखुरा, इंग्रज आले तरी डावखुराच! अगं, इतक्या वर्षांत एकाही उजव्या हाताच्या माणसाला कुंचला धरता येऊ नये?

कालिंदी : शुद्धलेखन बघायला दिलं होतं तुम्हाला.

वसंत : बघितलं. दर शतकात हा येतो, बाईला रंग घोटायला शिकवतो आणि 'चल माझ्याबरोबर' म्हणतो. ती चुलीकडे बघते नि राहते. हा जातो निघून. कोण गं हा?

कालिंदी : ...उन्मेष. आर्ट स्कूलला माझ्या वर्गात होता.

वसंत : म्हणजे खराच आहे?

कालिंदी : पुढे शिकायला बडोद्याला निघाला होता. ठाकूरद्वारच्या नाक्यावर मला म्हणाला, तूही चल. तुमचं स्थळ तेव्हा आलं नव्हतं. बाबांना विचारायचाही धीर झाला नाही माझा. मग शाळेत चित्रकलेच्या बाई झाले, जन्मभर पोरांकडून भेंडीचे ठसे काढून घेतले.

वसंत : आणि मला हे आत्ता कळतंय!

कालिंदी : तुम्ही कधी विचारलं नाहीत.

वसंत : हे बरंय! 'चहा टाकतेस का, आणि लग्नाआधी कुणी डावखुरा होता का', असं विचारायचं रोज?

कालिंदी : (हसत) चिडलात?

वसंत : थोडासा. पेशवाईपर्यंत ठीक होतो. ...वाईट वाटतं अजून?

कालिंदी : त्याचं नाही. न गेल्याचं वाटतं, कधीकधी.

वसंत : म्हणून शेवटचं प्रकरण अडलंय होय!

कालिंदी : प्रकाशकांचे फोनावर फोन. शेवटची बाई आजची आहे, इथलीच, गिरगावातली. तिलाही घरीच ठेवलं तर वाचक पुस्तक भिरकावून देतील. आणि पाठवावं, तर... पहिले वाचणार तुम्ही.

वसंत : पाठव.

कालिंदी : अहो...

वसंत : पाठव म्हणतो ना. पण त्या डावखुऱ्याबरोबर नको हं. एकटी जाऊ दे, आपले रंग घेऊन.

कालिंदी : आणि तिचा नवरा?

वसंत : त्याला मारू नकोस, म्हणजे झालं. राहील तो गिरगावात. ...आणि तिला परत यावंसं वाटेल असं काहीतरी ठेव. जमलं तर.